बारावीचा वर्ग कुठे भरतो?

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री आणि
मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : अकरावी-बारावी विज्ञानचे रिकामे वर्ग आणि भरलेले क्लास

महोदय,

एकच पत्र दोघांना लिहितो आहे, कारण ज्या मुलाबद्दल लिहायचे आहे तो आपल्या दोन खात्यांत वाटला गेला आहे. त्याचा अकरावीचा प्रवेश, त्याचे शिक्षक आणि त्याची बोर्डाची परीक्षा शालेय शिक्षण विभागाकडे. त्याची सीईटी आणि तिच्या जोरावर होणारे पुढचे प्रवेश उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या सीईटी कक्षाकडे. नीट आणि जेईईचा कारभार दिल्लीतून चालतो. पालकाने काही विचारले की प्रत्येक कार्यालय सांगते, हा विषय आमच्याकडे येत नाही. क्लासच्या काउंटरवर मात्र बोर्ड, सीईटी, जेईई, नीट या चारही परीक्षांची माहिती एका दमात मिळते, हप्ते पाडून मिळतात आणि खुर्चीवरून उठायच्या आत पावती हातात पडते. मुले क्लासकडे का जातात, याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

मी मराठवाड्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो. सध्या संध्याकाळी घरी मोजक्या मुलांची शिकवणी घेतो. दोन्हीकडचे पाणी प्यालेला माणूस असल्यामुळे क्लासवाले तेवढे लुटारू आणि कॉलेजवाले तेवढे साधू, असे काही मी म्हणणार नाही. क्लासवर नियंत्रण ठेवणारा कायदा राज्याला हवाच आहे. पण क्लास फोफावले ते कनिष्ठ महाविद्यालयांनी आपली जागा सोडली म्हणून. ती जागा त्यांनी परत घेतली नाही, तर कितीही कडक कायदा आला तरी मुले सकाळी सहाला सॅक अडकवून क्लासचीच वाट धरतील.

रिकामा वर्ग म्हणजे काय ते बघायचे असेल, तर आपण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवसांत एखाद्या प्रयोगशाळेत येऊन बसा. भौतिकशास्त्राच्या १०० गुणांपैकी ७० लेखीचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे. बाह्य परीक्षक म्हणून गेलो असताना पाहिलेला एक मुलगा सांगतो. क्लासच्या टेस्टमध्ये त्याचा नंबर कायम वरचा, असे बरोबरच्या मुलांनीच सांगितले. त्याला मीटर ब्रिज वापरून तारेची रोधकता काढायची होती आणि त्यासाठी तारेचा व्यास स्क्रू गेजने मोजावा लागतो. लघुत्तम माप त्याने तोंडी सांगितले. शून्य त्रुटी कधी मिळवायची आणि कधी वजा करायची, हेही अचूक सांगितले. मग उपकरण हातात घेतले आणि रॅचेट सोडून थिंबलच पिळत बसला. कुठे थांबायचे ते त्याला कळेना. टोकाचे छोटे रॅचेट टिकटिकले की थांबायचे असते. हे सूत्रासारखे पाठ होत नाही, एकदा हाताला कळावे लागते. त्या मुलाच्या हातात स्क्रू गेज पहिल्यांदाच येत होता.

जर्नल मात्र पूर्ण होते. पेन्सिलीने काढलेल्या सुबक आकृत्या, तारखा, प्रत्येक प्रयोगाखाली शिक्षकांची सही. गठ्ठ्यातली आणखी चार जर्नल्स चाळली तर सगळ्यांत रीडिंग तीच, आणि गुणाकारातली चूकही तीच. कोणा एकाने कधीतरी केलेली चूक एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे उतरत आली होती. प्रयोग कोणीच केलेला नव्हता. त्या मुलांना ३० पैकी भरघोस गुण पडले, कारण सगळीकडे तसेच पडतात.

मग ही मुले दोन वर्षे होती कुठे? क्लासमध्ये. या व्यवस्थेला ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि शिकणे दुसरीकडे. महाविद्यालयाचा पट भरतो, तुकडी वाचते, शिक्षकांचा कार्यभार कागदावर टिकतो. क्लासला मूल दिवसभर मिळते. पालकाला वाटते, धावपळ वाचली. या व्यवहारात सगळ्यांचे समाधान होते आणि पालक दोन फिया भरतो. त्यांतली एक कधीच न भरलेल्या तासांची असते.

शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. २०१८ मध्ये आपणच कनिष्ठ महाविद्यालयांतल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती, ती याच साटेलोट्याला आळा घालण्यासाठी. पण यंत्र अंगठा मोजते, तास झाला की नाही ते मोजत नाही. अंगठा उमटवून मुलगा निघून गेला, तर वर्ग पुन्हा रिकामाच. सीबीएसईने २०२४ मध्ये डमी, म्हणजे पटावर असून वर्गात न येणारे, विद्यार्थी आणि इतर गैरप्रकारांवरून २० शाळांची संलग्नता काढून घेतली. राज्य मंडळाच्या महाविद्यालयांनाही हाच न्याय लागायला हवा.

आता एक मोठी सोय आपल्या हाताशी आली आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश पूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई महानगर, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा शहरांपुरतीच होती. आता विद्यार्थ्याचा पत्ता, त्याने निवडलेले महाविद्यालय, तिथली क्षमता हे सारे एका जागी आहे. घरापासून दोनशे किलोमीटरवरच्या एका आडगावच्या महाविद्यालयात शंभर-सव्वाशे मुले विज्ञान शाखेला का धावली, हे शोधायला गुप्तहेर लागत नाहीत. यादी काढली की उत्तर मिळते.

पण केवळ पकडापकडीने वर्ग भरणार नाहीत. मूल कॉलेज का सोडते, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे, आणि तो हिशेब पालकांच्या बाजूने पाहिला तर चुकीचा नाही. एमएचटी-सीईटीचा पीसीएम गटाचा पेपर पाहा. १५० प्रश्न, २०० गुण, १८० मिनिटे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न उरलेल्या ९० मिनिटांत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. अभ्यासक्रमाचा २० टक्के भार अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर. दुसरीकडे बोर्डाचा पेपर व्युत्पत्ती लिहायला सांगतो, आकृती काढायला सांगतो, पायऱ्यांना गुण देतो. दोन्ही कौशल्ये कामाचीच आहेत. पण अभियांत्रिकीच्या प्रवेशात बोर्डाच्या गुणांना जागा आहे ती फक्त पात्रतेपुरती : खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४०. पुढची सगळी क्रमवारी सीईटीच्या पर्सेंटाइलवर. मग ५४ सेकंदांचा सराव जिथे होतो तिथे मूल जाणार नाही तर कुठे जाईल? आमच्या महाविद्यालयांच्या वेळापत्रकात या सरावाला आजही एक तास नाही.

२०२२ मध्ये जाहीर झाले होते की सीईटी आणि बारावीचे गुण निम्मेनिम्मे धरणार. ते झाले नाही. आता २०२६ पासून सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचे जाहीर झाले आहे. बदल चांगला की वाईट, यावर वाद होऊ शकतो. पण प्रत्येक घोषणेनंतर पालक सर्वांत आधी क्लासमध्ये चौकशी करतात, कॉलेजात नाही, कारण कॉलेजात कोणाला काही माहीत नसते. २०२५ च्या सीईटीत २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकले आणि ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. तेव्हाही मुलांना खुलासा करून सांगायला क्लासचेच शिक्षक होते.

त्यात ग्रामीण मुलाची आणखी एक अडचण, जी मुंबई-पुण्यातून दिसत नाही. दहावीपर्यंत सगळे विषय मराठीत शिकलेली मुलगी अकरावी विज्ञानला आली की पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचे इंग्रजी, प्रश्नही इंग्रजी. सीईटीत भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणिताचे फक्त इंग्रजीत. पहिले तीन महिने ती विषयाशी नाही, भाषेशी झगडत असते. शंभर-दोनशे मुलांच्या बॅचमध्ये तिला कोणी थांबून विचारत नाही. डाउट काउंटरवर प्रश्न विचारायलाही आधी प्रश्न मांडता यावा लागतो. याच मुलीला तिच्या गावाजवळच्या कॉलेजात, तिची बोली समजणारा शिक्षक जूनपासून मिळाला, तर दिवाळीपर्यंत ती सावरते. हे मी वर्गात पाहिले आहे, आणि शिकवणीतही पाहतो. माझी शिकवणी चालते ती याच मुलांमुळे. मी कोणती जादू करत नाही. वही तपासतो, चूक कुठे झाली ते दाखवतो आणि तेच गणित दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवायला लावतो.

हे सगळे महाविद्यालयात होऊ शकते का? झाले आहे. लातूर पॅटर्न आज सगळ्यांना माहीत आहे तो क्लास, वसतिगृहे, मेस, अभ्यासिका आणि कॉट बेसिसवरच्या खोल्या यांचा. पण तो जन्मला तो महाविद्यालयाच्या आवारात. राजर्षी शाहू महाविद्यालय, डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारखे प्राचार्य, दयानंद महाविद्यालय यांच्या नावाशी तो जोडलेला आहे. त्याचे सूत्र साधे होते : नेमलेले तास बुडवायचे नाहीत, जादा तास घ्यायचे, चाचण्यांमागून चाचण्या घ्यायच्या, पेपर तपासून मुलाच्या हातात द्यायचे आणि चुका त्याच्यासमोर मांडायच्या. शिकवणारे कॉलेजचेच शिक्षक होते. मराठवाड्यासारख्या मागास म्हणवल्या गेलेल्या भागातली मुले त्यावर बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आली आणि मेडिकल-इंजिनिअरिंगला लागली. नंतर प्रवेश परीक्षांचे महत्त्व वाढले, सरावाची भूक वाढली, आणि जे आवारात होत होते ते आवाराबाहेर विकत मिळू लागले. पॅटर्न राहिला, महाविद्यालय त्यातून निसटले.

महाविद्यालय निसटण्याला शासनही जबाबदार आहे. अनुदानित महाविद्यालयांत शिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा वेळेवर भरली जात नाही. माझ्या जागेवर आलेला तरुण शिक्षक तासिका तत्त्वावर आहे. त्याचे मानधन वेळेवर येत नाही. तो सकाळी कॉलेजात चार तास करतो आणि दुपारनंतर एका क्लासमध्ये शिकवतो. घर क्लासच्या पैशावर चालते, म्हणून त्याची तयारी, त्याच्या नोट्स, त्याचा उत्साह क्लाससाठी राखलेला असतो. मी त्याला दोष देत नाही. दिवसभर राबून घर चालत नसेल, तर माणूस आपला चांगला वेळ जिथे पैसे मिळतात तिथेच देणार.

आता क्लासकडे वळतो. केंद्राच्या २०२५ च्या शिक्षणविषयक पाहणीत देशातले २७ टक्के शालेय विद्यार्थी शिकवणी लावतात असे दिसले, शहरांत ३०.७ टक्के, खेड्यांत २५.५ टक्के. म्हणजे हा आता शहरी हौशीचा विषय राहिलेला नाही. खेड्यातला शेतकरी कापसाचे पैसे आले की पहिला हप्ता भरतो आणि दुसऱ्या हप्त्यासाठी सोयाबीनची वाट पाहतो. या फीवर १८ टक्के जीएसटी आहे. शाळा-महाविद्यालयाच्या फीवर तो नाही, क्लासच्या फीवर आहे, आणि त्यातला निम्मा राज्याच्या तिजोरीत येतो. म्हणजे मोठा क्लास कुठे आहे, त्याची उलाढाल किती, हे शासनाला कर घेताना नीट कळते. त्याच क्लासची नोंदणी करायची वेळ आली की मात्र माहिती नसते.

केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालील किंवा दहावीची परीक्षा न झालेल्या मुलाला प्रवेश द्यायचा नाही, शाळा-कॉलेजच्या वेळेत वर्ग घ्यायचे नाहीत, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवायचे नाही, आठवड्याची सुट्टी द्यायची आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा ठेवायची नाही, मूल मध्येच सोडून गेले तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायची. कागद उत्तम आहे. पण तो सूचनांचा कागद आहे. कायदा करायचा तो राज्यांनी. शेजारच्या गोव्यात असा कायदा २००१ पासून आहे. बिहारने २०१० मध्ये केला. कोटा ज्या राज्यात आहे त्या राजस्थानने २०२५ मध्ये विधेयक मंजूर केले. आपल्याकडे २०१८ मध्ये मसुदा तयार झाला होता. त्यानंतर केवढी तरी मुले बारावी होऊन गेली.

कायदा नसण्याची किंमत काय, ते फीच्या पावतीवर वाचायला मिळते. माझ्या ओळखीतल्या एका पालकाने मुलीची दोन वर्षांची फी एकदम भरली, कारण एकदम भरल्यास सवलत होती. तीन महिन्यांत मुलगी आजारी पडली आणि घरी परत आली. फी परत मागितली तर काउंटरवरच्या माणसाने पावती उलटी करून दाखवली : एकदा भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. सूचनांचा कागद दाखवला तर तो म्हणाला, हे आम्हाला लागू नाही. तो खोटे बोलत नव्हता. राज्याचा कायदा नसेल तर कोण लागू करणार?

जाहिरातींचेही तसेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध नियमावली काढली. तरी निकालाच्या आठवड्यात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात आणि एकच टॉपर तीन क्लासच्या फ्लेक्सवर हसताना दिसतो : एकीकडे त्याने दोन वर्षे शिकलेले असते, दुसरीकडे टेस्ट सिरीज लावलेली असते, तिसरीकडे महिन्याचा क्रॅश कोर्स. त्याच वर्षी त्या तीन क्लासमध्ये फी भरून साधारण गुण मिळवलेल्या हजारोंचा फोटो कुठेच नसतो.

एका गोष्टीबद्दल मोजकेच लिहितो, कारण ती वाजवून सांगायची नाही. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत आणि राज्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे. या साऱ्यांचे कारण परीक्षाच होती असे म्हणणे खोटे ठरेल. पण दर रविवारच्या टेस्टची यादी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची, नंबर घसरला की मुलाला स्टार बॅचमधून खाली ढकलायचे आणि सोमवारी त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर बसवायचे, हे सतरा वर्षांच्या मुलाचे काय करते, ते घरी आलेले मूल बघितलेल्या आईला विचारा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुणांवरून बॅच पाडण्याविरुद्ध आणि जाहीर अपमानाविरुद्ध स्पष्ट निर्देश दिले, आणि कोचिंग केंद्रांच्या नोंदणीचे नियम राज्यांनी दोन महिन्यांत करावेत असे सांगितले. हा आदेश आपल्यालाही लागू आहे.

पालकांनाही दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या पाहिजेत, आणि त्या शासनाने सांगितल्या तर जास्त ऐकल्या जातील. नीटची स्पर्धा खरोखर अवघड आहे : २०२४ मध्ये २३ लाखांवर विद्यार्थी बसले आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. अभियांत्रिकीचे चित्र उलटे आहे. राज्यात दरवर्षी अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या राहतात. झुंबड आहे ती सीओईपी, व्हीजेटीआयसारख्या निवडक संस्थांसाठी आणि कॉम्प्युटर शाखेसाठी. ज्या मुलाला जिल्ह्यातल्या बऱ्या महाविद्यालयात मेकॅनिकल किंवा सिव्हिल करायचे आहे, त्याला आयआयटीच्या नावाने दोन वर्षे लाखांच्या फीच्या बॅचमध्ये बसवण्याचे काही कारण नाही. दहावीच्या निकालानंतरच्या पंधरवड्यात हे सांगणारा एक समुपदेशक तालुक्याला असता, तर किती घरांचे कर्ज वाचले असते.

शासन या क्षेत्रात पैसा घालत नाही असेही नाही. राज्याच्या महाज्योतीसारख्या संस्थांमार्फत नीट, जेईई, सीईटीचे ऑनलाइन प्रशिक्षण दिले जाते, मुलांना टॅब आणि रोजचा डेटा दिला जातो. आयआयटी कानपूरचे ‘साथी’ हे मोफत व्यासपीठ आहे. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ ही संस्था गरीब आणि आदिवासी मुलांना नीटसाठी विनामूल्य शिकवते आणि तिची मुले डॉक्टर होत आहेत. या सगळ्यांतून एकच गोष्ट सिद्ध होते : रोज समोर बसून शिकवणारा, पेपर तपासणारा माणूस मिळाला की पैसा नसलेले मूलही वर येते. टॅब हा त्या माणसाच्या जोडीला ठीक आहे. त्याच्या जागी नको.

म्हणून आपल्याकडे माझ्या मागण्या अशा.

पहिली मागणी कायद्याची. ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या प्रत्येक क्लासची नोंदणी सक्तीची करा. केंद्राच्या सूचनांतही हीच मर्यादा आहे. फी परतीचा नियम पावतीवर छापायला लावा आणि तक्रार जिल्ह्यातच निकाली निघेल अशी सोय करा. घरी आठ-दहा मुले शिकवणाऱ्या गृहिणीला, बेरोजगार पदवीधराला किंवा निवृत्त शिक्षकाला मात्र परवान्यांच्या फेऱ्यात अडकवू नका. त्यांच्याकडून एक साधे स्वयंघोषणापत्र पुरे. छोट्या शिकवण्या चिरडल्या, तर त्यांची मुलेही मोठ्या क्लासकडेच जातील.

दुसरी मागणी इंटिग्रेटेडची. अकरावी-बारावीच्या नियमित विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयाच्या वेळेत क्लास चालवणे बेकायदा ठरवा. ऑनलाइन प्रवेशाच्या माहितीवरून संशयास्पद महाविद्यालयांची यादी काढा आणि न सांगता भेटी द्या. हजेरीपट नव्हे, प्रयोगशाळा बघा. दोषी महाविद्यालयाची मान्यता काढा. पण त्यापायी मुलाचे वर्ष वाया घालवू नका, त्याला जवळच्या महाविद्यालयात सामावून घ्या. मुलाने नियम बनवलेले नाहीत.

तिसरी मागणी शिक्षकांची. विज्ञान शाखेच्या रिक्त जागा भरा. भरेपर्यंत तासिकेवरचा शिक्षक १५ जूनला वर्गात असेल आणि त्याचे मानधन दर महिन्याला मिळेल, एवढे तरी करा.

चौथी मागणी अशी की, बोर्डाच्या गुणांना प्रवेशात वजन द्यायचे की नाही, हे एकदाचे ठरवा. जो निर्णय घ्याल तो अकरावीच्या प्रवेशाआधी जाहीर करा आणि त्या बॅचसाठी मध्येच बदलू नका.

पाचवी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्यात आपण दोघेही लागता. प्रत्येक अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात नियमित तासांनंतर रोज दोन जादा तास सुरू करा : एक सीईटी-नीटच्या सरावाचा, दुसरा शंकांचा. शालेय शिक्षण विभागाने शिक्षक आणि मानधन द्यावे. सीईटी कक्षाने आपल्या प्रश्नसंचातून दर पंधरवड्याला एक सराव चाचणी पाठवावी, खऱ्या परीक्षेसारखी, वेळेच्या बंधनासकट. पेपर तपासून मुलाच्या हातात पडावा आणि त्याची चूक शिक्षकाने त्याला दाखवावी. पहिल्या वर्षी प्रत्येक तालुक्यात एकच महाविद्यालय घ्या. ज्याला परवडते तो क्लासला जाईलच, त्याला अडवायचे कारण नाही. पण ज्याला परवडत नाही, त्याला आज दुसरे दार नाही.

कायद्यासाठी अधिवेशन लागेल, चर्चा होईल, मसुदा समितीकडे जाईल. ते सगळे रीतसर होऊ द्या. जादा तासांसाठी मात्र अधिवेशन लागत नाही. शासन निर्णय पुरतो, आणि त्यावर दोन विभागांच्या सह्या पुरतात. येत्या जूनमध्ये अकरावीचा पहिला तास भरण्याआधी त्या सह्या कराव्यात, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक